हुकूम बंद की कट?

मराठी माणूस लग्न जुळवताना जेवढी चौकशी करीत नाही, तेवढी तो मेंढीकोटाला बसण्यापूर्वी करतो, असं माझं अनेक वर्षांचं निरीक्षण आहे. लग्नात एकदा पत्रिका जुळली, मुलगा थोडंफार मिळवतो आणि मुलीच्या वडिलांचा स्वभाव फारसा वाईट नाही एवढं कळलं, की मंडळी अक्षता हातात घ्यायला मोकळी. मेंढीकोटाचं तसं नाही. चौघं सतरंजीवर मांडी घालून बसली, कॅट पिसून झाला, पहिली पाच-पाच पानं वाटायला हात उचलला, की समोरून प्रश्न येतोच, ‘‘हुकूम बंद की कट?’’ तो मिटतो न मिटतो तोच दुसरा, ‘‘हुकूम उघडायला लावला तर मारलाच पाहिजे ना?’’ मग तिसरा, ‘‘बावन्नपानी धरायची का?’’ आणि या सगळ्या प्रश्नांचं उत्तर प्रत्येक जण एकाच वाक्यात देतो, ‘‘आमच्या घरी असं नसतं.’’

या एका वाक्यावर मी गेली काही वर्षं विचार करतो आहे. निवृत्त माणसाला विचार करायला मोठाले विषय कोणी देत नाही, म्हणून मी हा घेतला. आणि विचारांती माझं असं मत झालं आहे, की मेंढीकोटाचा इतिहास ‘आमच्या घरी असं नसतं’ या वाक्यातच आहे. दुसरीकडे तो कुठेही लिहिलेला नाही.

ज्या दुर्दैवी जिवांचं बालपण पत्त्यांवाचून गेलं त्यांच्यासाठी आधी खेळ सांगतो. चौघं जण, समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. बावन्न पानं, प्रत्येकी तेरा. उतारी झाली की त्याच रंगाचं पान टाकायचं, मोठं पान टाकील त्याचा हात. ज्या रंगाची उतारी झाली तो हातात नसेल तर हुकमानं मारायचं. इथपर्यंत जगातल्या शंभर खेळांसारखंच. पण मेंढीकोटात हातांना फारशी किंमत नाही. किंमत आहे ती दश्शीला. दश्शी म्हणजे मेंढी. चार रंगांच्या चार मेंढ्या. त्यांतल्या तीन ज्यांनी पकडल्या त्यांचा डाव. दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे, सात ज्यांचे त्यांचा डाव. चारही मेंढ्या एकाच बाजूला गेल्या तर कोट, आणि तेराच्या तेरा हात झाले तर बावन्नपानी कोट. तो ज्यांच्यावर चढतो त्यांनी त्या सुट्टीपुरतं तरी मान खाली घालून वावरायचं. हरलेल्यांनी पिसायचं आणि वाटायचं. एवढा साधा, गरीब खेळ.

भांडण आहे ते हुकमाचं. हुकूम ठरवायचा कसा, यावर महाराष्ट्राची फाळणी झालेली आहे. कट हुकूमवाल्यांचं म्हणणं, आधी ठरवायचंच कशाला? खेळ सुरू करा. ज्याच्याकडे उतारीचा रंग पहिल्यांदा संपेल, तो जे पान टाकील तो हुकूम. म्हणजे ज्याच्याकडे काही नाही तोच एकदम राज्य करायला लागतो. हा प्रकार घाईच्या माणसांना मानवतो. मुंबईच्या लोकलमध्ये चार गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी टाकून जे मेंढीकोट चालायचे त्यांत मी बहुधा कट हुकूमच पाहिला. बोरिवलीला वाटलेली पानं चर्चगेटच्या आत संपवायची, तिथं गांभीर्यानं हुकूम बोलायला सवड कुणाला?

बंद हुकूमवाले याच्या उलट. वाटणाऱ्याच्या पुढच्या भिडूनं आपल्या हातातलं एक पान निवडायचं आणि सर्वांसमक्ष पालथं ठेवायचं. आमच्या घरी ते पानाच्या डब्याखाली ठेवीत. काय आहे ते त्याला एकट्याला ठाऊक. त्याच्या भिडूलासुद्धा नाही. खेळता खेळता कुणाचा रंग संपला की तो म्हणणार, ‘‘हुकूम उघडा.’’ मग ते पान उताणं व्हायचं, त्याचा रंग तो हुकूम, आणि पान पुन्हा मालकाच्या हातात. कट हुकमात नशीब राज्य करतं. बंद हुकमात घरातला एक माणूस सगळं जाणून गप्प बसलेला असतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हा प्रकार जास्त ओळखीचा वाटतो, यात नवल नाही.

जरा उत्तरेला सरकलं की हाच खेळ ‘दहला पकड’ होतो. दहला म्हणजे आपली दश्शीच. पण तिथं जिंकलेला हात लगेच उचलून मांडीखाली घालता येत नाही. हात मध्येच साठत जातात, आणि लागोपाठ दोन हात जो जिंकेल तो सगळा ढीग उचलतो. एका मेंढीसाठी आपण जीव टाकावा, हात जिंकावा, आणि पुढचा हात दुसऱ्यानं जिंकून ढीग तसाच पडून राहावा! तिकडचा माणूस आपल्यापेक्षा सोशिक का, याचं एक कारण हे असावं. तिसरा भाऊ कोटपीस. त्यात मेंढ्या नाहीतच. पहिली पाच पानं बघून एकानं हुकूम बोलायचा आणि सात हात करायचे. हा खेळ इराणातही आहे आणि तिथं त्याचं नावच ‘होक्म’. हुकूम हा शब्द मुळात अरबी, त्यामुळे त्यात आश्चर्य नाही. पण समोरच्यांना एकही हात न देता सातही हात केले तर इराणी माणूस त्याला काय म्हणतो? कोट! हे कळलं त्या दिवशी मला तेहरानमधल्या कुणा अनोळखी माणसाला पत्र लिहावंसं वाटलं होतं.

मेंढी हे नाव कुठून आलं, याचा एक तर्क मात्र माझा स्वतःचा आहे. हा खेळ गुजरातेतही घरोघर आहे आणि तिथं दश्शीला ‘मिंडी’ म्हणतात. गुजरातीत शून्याला म्हणतात ‘मींडुं’. सगळ्या कॅटात शून्य असलेलं पान एकच, दश्शीचं. आता शेजाऱ्याकडून शब्द उसना घेताना आम्ही तो नीट ऐकून घेतला नाही आणि शून्याची मेंढी केली, एवढंच झालं असावं. आम्हाला शून्य पकडण्यापेक्षा मेंढी पकडणं जास्त फायद्याचं वाटलं असणार. तर्क पंडितांनी खोडला तरी माझी हरकत नाही. पत्त्यांत खोडून घेण्याची मला सवय आहे.

आता ब्रिजचं पाहा. ब्रिज हा मेंढीकोटाचा शिकलेला, विलायतेला जाऊन आलेला चुलतभाऊ. त्याच्या घराण्याची वंशावळ तारखांसकट हजर. व्हिस्ट या त्याच्या आजोबावर एडमंड हॉइल नावाच्या गृहस्थांनी १७४२ साली पुस्तक लिहिलं. एका गिनीला एक विकलं. लोकांनी ते चोरून छापलं, यावरून ते किती चांगलं होतं ते कळतं. पुढे १९२५ साली हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन कोट्यधीशानं बोटीच्या प्रवासात वेळ जावा म्हणून ब्रिजच्या गुणांची नवी पद्धत बसवली आणि आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज जन्माला आला. साल ठाऊक, माणूस ठाऊक, ‘फिनलँड’ हे बोटीचं नावसुद्धा ठाऊक. मेंढीकोटाचा व्हँडरबिल्ट कोण? त्याची बोट कोणती? फार तर रेवसची लाँच असेल!

तेव्हा मी जरा मागे गेलो. इतिहासात मागे जाण्याचा एक फायदा असतो, भेटणारी माणसं उलट उत्तर करीत नाहीत. आपल्याकडे इंग्रजी पत्त्यांच्या आधी गंजिफा होत्या. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा धाडल्याचं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. पानिपत मारून वर्षच झालेलं, डोक्याला शंभर व्याप, आणि तरी मित्राला पत्ते पाठवायची आठवण ठेवली. पत्ते खेळणाऱ्यांना रिकामटेकडे म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. अकबराच्या गंजिफांचं वर्णन अबुल फजलनं ‘ऐने अकबरी’त केलेलं आहे. आणि आमच्या सावंतवाडीत तर दशावतारी गंजिफा. गोल, लाखेचं रोगण दिलेली, हातानं रंगवलेली १२० पानं. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं. राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. भोसल्यांच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी ही मरायला टेकलेली कला पुन्हा उभी केली.

पण गंजिफांत एक गोष्ट नाही. हुकूम! हात आहेत, उतारी आहे, पण हुकूम नाही. तिथं पहिली उतारी कुणी करायची हे सूर्य ठरवतो. दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे राम तो उतरणार, रात्री बसलात तर ज्याच्याकडे कृष्ण तो. शिवाय निम्म्या रंगांत एक्क्यापासून दश्शीपर्यंतचा क्रम उलटा लागतो, म्हणजे एक्का बलवान आणि दश्शी दुबळी. पण हे सगळं आधीपासून ठरलेलं. एका रंगाच्या दुर्रीनं उठून दुसऱ्या रंगाच्या राजाला मारावं, हा चावटपणा तिथं नाही.

तो चावटपणा युरोपचा. चार रंगांचे, बावन्न पानांचे पत्ते इजिप्तच्या मामलुकांकडे होते. पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या हे त्यांचे चार रंग. तसा एक जुना कॅट इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जपून ठेवलेला आहे. चौदाव्या शतकात पत्ते युरोपात पोचले, आणि १३७७ साली फ्लॉरेन्सनं त्यांच्यावर निर्बंध घातले. म्हणजे खेळ आला आणि लगोलग घरातली वडीलधारी मंडळी ओरडायला लागली. पुढे जर्मनीत १४२६ साली ‘कार्नोफेल’ नावाच्या खेळाचा उल्लेख येतो. त्यात एका निवडलेल्या रंगातला साधा शिपाई राजाला मारायचा. छक्कीला पोप म्हणायचे आणि सत्तीला सैतान. धर्मगुरू चिडले असतील तर त्यांना दोष देता येत नाही. मग इटलीत विजयाला म्हणतात त्या शब्दावरून ‘त्रिओन्फी’ आलं, त्यावरून इंग्रजी ‘ट्रम्प’. साहेबाच्या लेखी तो विजय. आम्ही त्याला नाव दिलं हुकूम. जिंकण्यापेक्षा हुकूम सोडण्यात जास्त सुख आहे, हे आपल्या लोकांना फार आधी कळलेलं होतं.

हे पत्ते मग गलबतांतून आमच्या किनाऱ्याला लागले. कोण कोण घेऊन आलं ते पाहायला दफ्तरं चाळायला नकोत. पानांची नावं ऐका. पोर्तुगीज माणूस इस्पिकाला ‘एस्पादा’ म्हणतो, म्हणजे तलवार. डच माणूस किलवरला ‘क्लावर’ म्हणतो, आणि सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. उरलेल्या दोन रंगांना मात्र आम्ही घरची नावं दिली. चौकट सरळच आहे. पण गंमत बदामाची. साहेबाला ज्या चिन्हात काळीज दिसलं, त्यात आम्हाला बदाम दिसला. आम्ही व्यवहारी माणसं. काळजाचं पुढे काय करायचं हा प्रश्न असतो, बदाम निदान खाता येतो.

आणि एकदा पत्ते घरात आल्यावर त्यांचे खेळ कुणी केले? इथं माझा मुख्य शोध. ते घरातल्या माणसांची डोकी मोजून झाले. सहा जण असले तर चार दुर्ऱ्या काढून टाकायच्या, अठ्ठेचाळीस पानं, प्रत्येकी आठ, तिघांविरुद्ध तिघे मेंढीकोट. चौघे असले तर रीतसर. एक जण आंघोळीला उठून गेला तर उरलेल्या तिघांचं पाच-तीन-दोन. आठ्ठीपासून वरची सगळी पानं आणि दोन सत्त्या, अशी तीस पानं, दहा-दहा वाटायची; एकानं पाच हात करायचे, एकानं तीन, एकानं दोन. कमी पडले तर पुढच्या डावात त्याचं पान ओढायचं. आणखी एक उठला तर दोघांचं सात-आठ, तीच तीस पानं. कोकणात आणि खाली कर्नाटकाच्या किनाऱ्यावर तीनशे चारही चालतं. गुलामाला तीस, नव्वीला वीस, एक्क्याला अकरा, दश्शीला दहा, राजाला तीन आणि राणीला दोन. एका रंगाचे झाले शहात्तर, चौघांचे तीनशे चार. गुलामाच्या दहाव्या हिश्शानं राजा! हा खेळ घरगड्यांनी पसरवला असं आमचे अण्णा म्हणत, पण अण्णा हरले की काहीही म्हणत.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या घरचे नियम सांगून टाकतो. आमचं घर वेंगुर्ल्यापासून चार कोसांवर. तिथं गणपतीत पाच रात्री मेंढीकोट, आणि कायदेमंडळ म्हणजे आत्या. अण्णांची थोरली बहीण. आत्यानं केलेला प्रत्येक नियम कुणा ना कुणा माणसासाठी केलेला होता. शेजारचे एक गृहस्थ नुसत्या कुतूहलापोटी दर डावात हुकूम उघडायला लावीत, म्हणून नियम झाला, की हुकूम उघडायला लावला आणि मागणाऱ्याच्या हातात त्या रंगाचं पान निघालं नाही, तर डाव समोरच्यांचा. एका मामांना खोकला फक्त किलवर आलं की यायचा, म्हणून नियम झाला की डाव चालू असता खोकायचं नाही; आलाच तर पडवीत जाऊन खोकावं. आणि सर्वांत कडक नियम, भिडूनं भिडूशी बोलायचं नाही. खुणा करताना सापडला तर त्या रात्री त्याला पानं नाहीत.

हा शेवटचा नियम अण्णा आणि काका या दोघांसाठी होता. हे दोघे भाऊ लहानपणापासून भिडू, आणि त्यांच्या खुणांचा म्हणे एक कोशच होता. कानाची पाळी चोळली की बदाम, भुवई खाजवली की इस्पिक, असं काय काय. नियमाचा त्यांच्यावर काडीचा परिणाम झालेला नव्हता. मग १९६८ साली परड्यातल्या फणसावरून दोघांचं वाजलं. फणस कुणाचा, हा प्रश्न वकिलापर्यंत गेला नाही, पण बोलणं बंद झालं. एकाच घरात, एकाच गणपतीपुढे आरतीला दोघे उभे राहत, एक झांज वाजवी आणि दुसरा टाळ, पण शब्द नाही. निरोप असला तर आम्हा मुलांमार्फत. ‘‘तुझ्या काकाला सांग, भटजी आले.’’ काका तीन हातांवर उभा असायचा.

पण रात्री पत्त्यांना आत्या त्यांना समोरासमोरच बसवी. ‘‘सख्ख्या भावांनी एका बाजूला बसायचं, नाहीतर डोकी फुटतात,’’ हा तिचा आणखी एक नियम. आणि भिडूंनी बोलायचंच नाही हा नियम असल्यामुळे कुणाची अडचण होत नसे. सात वर्षं ती दोन माणसं एकमेकांशी फक्त पानांतून बोलली. खुणाही बंद. अबोला पाळायचा तर तो प्रामाणिकपणे, असं दोघांनीही ठरवलेलं असावं. परिणाम एवढाच झाला की दोघे हरायला लागले.

१९७५ सालचा गणपती. मी सोळा वर्षांचा, आत्याचा भिडू. पिसून वाटलं आत्यानं. पुढचे अण्णा. त्यांनी बराच वेळ मिशी कुरवाळून एक पान पानाच्या डब्याखाली सारलं. खेळ सुरू झाला. चार-पाच हात झाले, पण हुकूम उघडला नव्हता. एक मेंढी आमच्याकडे. मग आत्यानं किलवरचा एक्का उतरला. अण्णांनी तिर्री टाकली. माझ्या हातात किलवरची दश्शी चुलीवरच्या दुधासारखी उतू चाललेली होती, ती मी आत्याच्या एक्क्यावर थाटात आपटली. मेंढी आली म्हणून मी हात पुढे केला, आणि पाहतो तर काका पान टाकीना.

काकाकडे किलवर संपला होता. त्यानं हुकूम उघडायला लावायचा, मारायचं आणि मेंढी न्यायची. पण हातात तो रंग असला तर! नसला तर आत्याचा नियम उभा, डाव गेला. काका आपल्या पानांकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली आणि अण्णांकडे पाहिलं. समईच्या उजेडात मी ते पाहिलं. सात वर्षांत काका अण्णांकडे सरळ पाहतो आहे, असं मी तरी प्रथमच पाहत होतो. अण्णा गणपतीकडे बघत होते. अगदी ध्यान लागल्यासारखे. आणि गणपतीकडे बघता बघता त्यांचा उजवा हात वर गेला, आणि त्यांनी कानाची पाळी चोळली.

मी पाहिलं म्हणजे आत्यानं पाहिलंच. ती माझ्या समोर होती, आणि अण्णा तिच्या पलीकडे हातभर अंतरावर. तिच्या नजरेतून मुंगीसुद्धा पान बदलू शकत नसे. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की माझं तोंड तसंच मिटलं. मग काकाकडे वळून म्हणाली, ‘‘टाकतोस ना पान? की सकाळ करतोस?’’

‘‘हुकूम उघडा,’’ काका म्हणाला. बदामाची पंजी. काकानं बदामाची दुर्री टाकली आणि माझी मेंढी उचलली.

डाव तरीही आम्हीच जिंकलो, कारण पुढे काकानं चौकटीचा राजा नको तेव्हा अडवून धरला आणि शेवटच्या दोन्ही मेंढ्या आमच्या पदरात पडल्या. शेवटचं पान पडलं मात्र, अण्णांनी सतरंजीवर हात आपटला आणि ते काकावर ओरडले, ‘‘तुका अक्कल आसा काय?’’ काकानंही आवाज चढवला. राजा कधी टाकायला हवा होता, अठ्ठी कुणी वाया घालवली, १९५८ सालच्या गणपतीत कुणी कुणाचा कोट घालवला, सगळं निघालं. रात्री दोनपर्यंत ते चाललं होतं. सात वर्षांनंतर ते दोघे भाऊ मनसोक्त भांडले. आत्यानं मध्यरात्री त्या दोघांना चहा करून दिला. सकाळी अण्णा माझ्या देखत काकाला म्हणाले, ‘‘फणस पिकलो तर चार गरे पाठव,’’ गणपतीत फणस नसतो हे दोघांनाही ठाऊक असताना.

पुढे कितीतरी वर्षांनी मी आत्याला विचारलं, ‘‘आत्या, त्या रात्री अण्णांनी खूण केली ती तू पाहिलीस ना?’’ आत्या म्हणाली, ‘‘खयची खूण? कानाकडे डास होतो मेलो.’’

आता ती तिन्ही माणसं नाहीत. गावच्या घरात गणपती येतो, दीड दिवस राहतो आणि सगळे आपापल्या गाड्या धरतात. आमच्या पुण्याच्या घरात माणसं दोन, त्यामुळे संध्याकाळी सात-आठ. मुलगी आणि जावई आले की कॅट पूर्ण काढायचा. पण आमची ही माहेरची नागपूरची, तिच्या घरी कट हुकूम. जावयाच्या घरी हुकूम उघडला तरी मारण्याची सक्ती नाही. नातवानं तर मोबाईलवर मेंढीकोट उतरवून घेतला आहे. त्यात तीन भिडू न दिसणारे. ते नियम मोडत नाहीत, खुणा करत नाहीत, आणि हरल्यावर चिडतही नाहीत. ‘‘मग खेळायचं कशाला?’’ असं मी विचारलं, त्यावर नातू म्हणाला, ‘‘आजोबा, त्याला निदान नियम तरी एकच आहेत. तुमचे खरे नियम लिहून का नाही ठेवत तुम्ही?’’

हे मला लागलं. हॉइलनं लिहिले, मी का लिहू नयेत? मी वही घेतली. वर ‘मेंढीकोटाचे अधिकृत नियम’ असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. ‘नियम पहिला : चार माणसं जमवावीत.’ इथपर्यंत कुणाचीच हरकत नव्हती. ‘नियम दुसरा : हुकूम बंद असावा,’ असं लिहीत होतो, तोच ही स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली, वहीत डोकावली आणि म्हणाली, ‘‘आमच्या घरी असं नसतं.’’

मी दुसरा नियम खोडला. त्या जागी लिहिलं, ‘पुढचे नियम त्या चौघांनी भांडून ठरवावेत.’ पुस्तक पूर्ण झालं. किंमत एक गिनी ठेवणार होतो, पण चोरून छापायला कुणी पुढे येईल असं वाटत नाही.